खडकीच्या रणातील दोन निशाणे

रणांगणावरील निशाण ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तोफांचा धूर आणि टापांचा धुरळा यांत हाकेचा शब्द पोहोचत नसे. अशा वेळी आपला सरदार कोठे आहे, फौज पुढे सरते आहे की मागे हटते आहे, हे शिपायास निशाणावरूनच कळे. मुक्कामाची जागाही निशाणच सांगे. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रौटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, बिनीवाला लहानसे पांढरे निशाण घेऊन पुढे जाई, आणि ते जेथे रोवी तेथे महाराजांचे डेरे पडत. पेशव्यांच्या फौजेत मात्र सर्वांत मोठा मान जरीपटक्याचा. ती भरजरी पताका ज्या तुकडीपुढे चाले, त्या तुकडीने माघार घेणे म्हणजे साऱ्या राज्याची मान खाली जाणे, अशी भावना होती.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. खडकीच्या लढाईचा धडा आला की मुलांना हमखास सांगत असू : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी फौज पुण्याबाहेर पडताना जरीपटक्याची काठी मोडली, अपशकुन झाला आणि राज्य बुडाले. मुलेही तेवढेच ध्यानात ठेवीत. काठी मोडली हे खरे. ग्रँट डफनेही ते नोंदविले आहे. त्यामुळे फौजेतील अनेकांच्या मनास चुटपुट लागली, हेही खरे. परंतु पुढे काय घडले ते आम्ही कधी नीट सांगितले नाही. सेवानिवृत्तीनंतर निवांतपणे वाचताना ही चूक आमची आम्हांस उमगली. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या दिवशी गारपीर ते गणेशखिंड हे सारे मैदान पेशव्यांच्या स्वारांनी भरून गेले होते. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. सेनापती बापू गोखले रांगांतून घोडा फिरवीत लोकांस उत्तेजन देत होते. डी पिंटो या पोर्तुगीज सरदाराचे पायदळ पुढे येताच कंपनीची सातवी पलटण आवेशाने त्याच्या मागे लागली व आपल्या ओळीपासून तुटली. बापूंनी ही संधी अचूक हेरली आणि सुमारे सहा हजार निवडक स्वार जरीपटक्यासह त्या पलटणीवर घातले. ज्यांची काठी त्याच दिवशी मोडली होती, तेच हे लोक! शकुनाने त्यांचे पाय बांधले नव्हते.

समोर कर्नल बर आपल्या जुन्या पलटणीच्या निशाणापाशी येऊन उभा राहिला. तो असाध्य दुखण्याने जर्जर झालेला होता. त्याच्या शेजारी त्याचे दोन हुजरे ठार झाले, तरी त्याने निशाण सोडले नाही. पांगलेली पलटण त्या निशाणाभोवतीच पुन्हा जमली. शत्रूकडील असला तरी हा गुण मान्य केलाच पाहिजे.

दोहोंच्या मध्ये खोल दलदल होती, आणि ती दोन्ही पक्षांस ठाऊक नव्हती. भरधाव आलेले घोडे तीत रुतले, एकमेकांवर कोसळले, आणि पलटणीने अगदी जवळून गोळ्यांचा वर्षाव केला. घाव काठीने घातला नाही, चिखलाने घातला. भूमी पाहून ठेवणे हे बिनीचे काम, आणि पुण्यापासून दोन कोसांवरील ती भूमी आपल्याच राज्यातील होती! अपशकुनाला बोल लावला की हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

याच लढाईत मोर दीक्षित पडले. इंग्रजांकडील फोर्ड या अधिकाऱ्याशी त्यांचा जुना स्नेह होता, आणि त्यांना लागलेला गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेतून आला. सातव्या पलटणीच्या ओळींत उभे असलेले शिपाईही याच देशातले होते. आपल्या ज्ञातीतील घराण्यांचे जुने कागद चाळले, तर दोन्ही निशाणांखालची नावे निघतील असे आम्हांस वाटते. ज्यांच्यापाशी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत.

१७ नोव्हेंबर रोजी बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविले. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले आष्टीच्या रणात पडले. 'खडकी' हे नाव कंपनीच्या पलटणींच्या निशाणांवर बिरुद म्हणून झळकू लागले. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने देशाला जिंकण्यासाठी झालेल्या अशा लढायांची नावे निशाणांवर न मिरविण्याचे ठरविले.