आठ दिवसांमागील तपश्चर्या

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्याच्या नावातच फौज आहे. या नगरीचा भारतीय अंतराळयात्रेशी संबंध जुळला तोही फौजेच्याच एका संस्थेमुळे. येथील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ साली स्थापन झाली, ती जवानांच्या शिध्यासाठी. १९८४ मध्ये तिने सिद्ध केलेले अन्न एका भारतीय वैमानिकासोबत थेट अंतराळात गेले.

हे वैमानिक म्हणजे राकेश शर्मा. १३ जानेवारी १९४९ रोजी पतियाळा येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण हैदराबादेत झाले. १९६६ मध्ये ते पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि १९७० मध्ये वायुदलात वैमानिक झाले. पुढच्याच वर्षी बांगलादेश मुक्तीचे युद्ध पेटले. अवघ्या बावीस वर्षांच्या या तरुणाने मिग-२१ विमानातून २१ युद्धोड्डाणे केली.

१९८२ मध्ये सोव्हिएत संघाबरोबरच्या संयुक्त मोहिमेसाठी दोन वैमानिकांची निवड झाली : स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा. मॉस्कोजवळील गागारिन प्रशिक्षण केंद्रात दोघांनी रशियन भाषा आत्मसात केली, यानाची यंत्रणा अभ्यासली आणि शरीराची कठोर परीक्षा दिली. यानात भारतीयासाठी जागा मात्र एकच होती.

३ एप्रिल १९८४ रोजी शर्मा यांनी यूरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्यासह सोयुझ टी-११ यानातून उड्डाण केले. सॅल्यूत-७ स्थानकावर त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली आणि भारहीन अवस्थेत योगासनांचे प्रयोग केले. वरून भारत कसा दिसतो, या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी इक्बालांच्या काव्यपंक्तीने दिलेले उत्तर साऱ्या देशाने हृदयात जपले. ७ दिवस २१ तास ४० मिनिटांचा प्रवास करून ते ११ एप्रिलला परतले.

शर्मा यांना अशोकचक्र प्रदान करण्यात आले. प्रत्यक्ष न उडालेल्या मल्होत्रांनाही राष्ट्राने कीर्तिचक्र देऊन गौरविले. संधी एकास मिळाली, तरी सिद्धता दोघांचीही तितकीच होती, हे त्या सन्मानाने मान्य केले.

कीर्तीच्या शिखरावरून शर्मा पुन्हा कामाकडे वळले. १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक झाले आणि १९९२ नंतर बंगळूरला आले. नव्या विमानाचे गुणदोष स्वतः उडवून पारखण्याचे हे काम जोखमीचे. त्यास टाळ्यांची साथ क्वचितच लाभते.

पुढच्या भारतीय अंतराळवीरासाठी देशाला ४१ वर्षे वाट पाहावी लागली. २०२५ च्या जून महिन्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले. तेही खडकवासल्याचेच विद्यार्थी. त्यांच्यामागेही प्रशांत नायर हे तितकेच सज्ज असलेले सहकारी उभे होते.

शाळेच्या गुणवत्ता फलकावर पहिला क्रमांक एकाचाच लिहिला जातो. परंतु त्याच वर्गात, त्याच बाकावर, तितक्याच निष्ठेने अभ्यास करणारे दुसरेही कोणी असते. हीरक महोत्सवी वर्षात फलकावरील नावांसोबत या अलिखित नावांनाही वंदन करणे उचित ठरेल. कारण शाळा सिद्धता घडवू शकते, संधी मात्र काळ देतो.