चादर, कॅमशाफ्ट आणि फ्लॅश

सोलापूर म्हटलं की लोकांना शेंगाचटणी आणि चादर आठवते. मला मेमरी आठवते. हसू नका, सांगतो.

जेकार्ड चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत साठवलेली असायची. भोक असेल तर ताण्याचा धागा उचल, नसेल तर राहू दे. फ्रान्सच्या जाकारची ही १८०४ च्या सुमाराची करामत. पुढे १९९२ साली सोलापुरातच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स उभी राहिली. कॅमशाफ्ट हीसुद्धा मेमरीच की! इंजिनाचा व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा, ते लोखंडाच्या उंचवट्यात कायमचं लिहिलेलं.

मग गाडीत कॉम्प्युटर शिरला. जुन्या ईप्रॉम चिपा पुसायला त्यांच्या छोट्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पाडावा लागे. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी विजेनं झटक्यात पुसली जाणारी फ्लॅश जगापुढे मांडली. नंतर आली सिरियल फ्लॅश: आठ पायांची चिप, बोलायला मोजक्या चार तारा. बोर्डावरची जागा वाचली, खर्चही वाचला.

पण गोची अशी, की कार्ड आणि कॅम वाचून वाचून झिजतात, फ्लॅश मात्र पुसून पुसून झिजते. साधारण नॉर फ्लॅशचा ४ केबीचा एक सेक्टर १ लाख वेळा पुसता येतो. भरपूर वाटतं ना? आता दर सेकंदाला किलोमीटरचा आकडा एकाच सेक्टरमध्ये पुसून लिहा. २८ तासांच्या आत कोटा खलास! तेच १६ बाइटच्या नोंदी एकाखाली एक लिहीत गेलात, तर सेक्टर २५६ नोंदींनंतर एकदाच पुसावा लागतो. आठ सेक्टर आलटून पालटून वापरले, तर सलग सहा वर्षांहून जास्त. चिप तीच बरं का.

दुसरं म्हणजे ऊन. साधी चिप ० ते ७० अंशांची. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आठवा. म्हणून एईसी-क्यू१०० ची ग्रेड बघायची. ग्रेड १ म्हणजे उणे ४० ते १२५ अंश.

हा नुसता पुस्तकी हिशोब नाही. २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथली फ्लॅश वेगळ्या जातीची, पण आजार हाच: लिहून लिहून मेमरी संपली, पडदा बंद, मागचा कॅमेरा गायब.

तेव्हा चिप घेताना किती एमबी हे नंतर विचारा. आधी विचारा: किती वेळा पुसणार, किती तापणार, किती वर्षं टिकायला हवी?