पहाटे साडेचारच्या आत

१५ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. या सात तासांत ड्रुपल ७ या मोफत सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जगभरातल्या लाखो वेबसाइटचं भवितव्य ठरलं. त्यांत सरकारी खाती होती, विद्यापीठं होती, आणि चार माणसांनी हौसेनं चालवलेल्या संस्था-मंडळांच्या साइटही होत्या. आमच्या वाचनालयाची साइट त्यांपैकीच एक. ती सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

सप्टेंबर, तिसरा आठवडा

सेक्त्सिओन आइन्स या जर्मन सुरक्षा कंपनीचे स्टेफान होर्स्ट एका ग्राहकासाठी ड्रुपल ७ चा कोड तपासत होते. तपासताना त्यांना डेटाबेसशी बोलणाऱ्या भागातच भोक सापडलं.

साइटवर कुणी काही टाइप केलं की तो मजकूर डेटाबेसकडे जातो. तो मजकूर आणि डेटाबेसला दिलेली आज्ञा यांची सरमिसळ होता कामा नये. झाली, तर बाहेरचा माणूस मजकुराच्या नावाखाली स्वतःची आज्ञा घुसवतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ते होऊ नये म्हणूनच ड्रुपल ७ मध्ये एक थर घातला होता, आणि भोक नेमकं त्या थराला पडलेलं होतं. मजकुराऐवजी यादी आली, तर हा थर यादीतल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक घेऊन तो आज्ञेत जोडायचा. क्रमांक म्हणजे आकडाच असणार, असं धरून चाललेलं. पण यादी बाहेरून येणार असेल, तर पाठवणारा क्रमांकाच्या जागी वाटेल ते लिहू शकतो. जानेवारी २०११ मध्ये ड्रुपल ७ आलं, तेव्हापासून हे असंच होतं.

होर्स्ट यांनी कळवल्यावर ड्रुपलच्या सुरक्षा पथकापुढे प्रश्न होता तो जाहीर कधी करायचं याचा. दुरुस्ती जाहीर करणं म्हणजे भोक कुठे आहे तेही जाहीर करणं. २९ सप्टेंबरपासून ॲमस्टरडॅमला ड्रुपलची परिषद होती. जाणकार मंडळी आधी तयारीत, मग तिकडे, आणि परतल्यावर साचलेल्या कामात अडकणार. म्हणून त्यानंतरचा, दुरुस्त्या जाहीर करायला ठरलेला बुधवार निवडला, १५ ऑक्टोबर.

३ ऑक्टोबर, दसरा

वाचनालयात पूजा झाली. देवघेवीच्या रजिस्टरला आणि संगणकाला झेंडूची फुलं वाहिली. मी त्याच सकाळी साइटची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. आमच्या ग्रंथपाल बाईंनी त्यालाही हळद-कुंकू लावलं आणि तो पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. पुढे मी तो विसरलो.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान संपलं. घरोघरी टीव्हीवर एक्झिट पोल सुरू होते. आमच्याकडेही.

रात्री ९:३० : सात तास शिल्लक

ड्रुपल ७.३२ जाहीर झालं. सोबतच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की हल्ला करायला लॉगिन लागत नाही, साइटवर खातंही लागत नाही. दुरुस्ती एका ओळीची होती. यादीबरोबर आलेले क्रमांक टाकून द्यायचे आणि आपले ०, १, २ लावून घ्यायचे.

ही सूचना माझ्या ईमेलमध्ये आली. मी विषय वाचला, उद्या सकाळी करू म्हटलं आणि फोन उपडा ठेवला. अपडेट करायला दहा मिनिटं लागली असती.

रात्री १०:३० : सहा तास

७.३१ आणि ७.३२ च्या फायली शेजारीशेजारी ठेवल्या की बदललेली ओळ उघडी पडते. ती सगळ्यांनाच दिसते, दुरुस्ती करणाऱ्याला आणि घात करणाऱ्यालाही. जागा कळली की हल्ल्याचा कोड लिहायला दिवस लागत नाही.

मध्यरात्रीनंतर

जाहीर झाल्यापासून काही तासांतच आपोआप चालणारे हल्ले सुरू झाले. त्यांत माणूस कुठेच बसलेला नसतो. प्रोग्राम साइटची यादी घेतो आणि एकेक दार ढकलून पाहतो.

दार म्हणजे साधा लॉगिनचा फॉर्म. ‘नाव’ या रकान्यात नाव जायचं, तिथे यादी जाते. यादीतल्या क्रमांकाच्या जागी अर्धविराम असतो आणि त्यापुढे नवी आज्ञा. नवा वापरकर्ता तयार कर, त्याला प्रशासकाचे हक्क दे. एवढ्याशा विनंतीत काम होतं. साइट उघडून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही.

१६ ऑक्टोबर, पहाटे ४:३०

मुदत संपली. ही मुदत होती, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी ८:१५

चहा घेऊन मी संगणकापुढे बसलो. ७.३२ चढवलं, साइट उघडून पाहिली, सगळं ठीक होतं. काम झालं असं समजून कामावर गेलो.

१७ ते २८ ऑक्टोबर

१९ तारखेला निकाल लागले, २३ ला लक्ष्मीपूजन झालं. दिवाळी अंकांची नोंदणी साइटवरून चालू होती. सभासद आपली नावं, फोन नंबर, पत्ते भरत होते.

२९ ऑक्टोबर

सुरक्षा पथकाने दुसरं निवेदन काढलं. सूचना जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्या साइट दुरुस्त झाल्या नाहीत, त्या प्रत्येक साइटमध्ये शिरकाव झालाय असं धरूनच चाला, असा त्याचा आशय होता. नंतर केलेलं अपडेट भोक बुजवतं, आत येऊन बसलेल्याला बाहेर काढत नाही. आणखी एक गोष्ट त्यात होती. तुम्ही हात न लावता साइट दुरुस्त झालेली दिसली, तर ती शिरकावाची खूण समजा, कारण काही हल्लेखोर आत शिरल्यावर दुसऱ्या कुणाला वाट राहू नये म्हणून स्वतःच भोक बुजवत होते.

मी पावणेचार तास उशिरा होतो.

रात्री १०:१५

साइट बंद केली आणि डेटाबेस उघडला. ड्रुपलमध्ये कोणत्या पत्त्यावर कोणतं काम चालवायचं याचा एक तक्ता असतो. त्यात एक ओळ माझी नव्हती. पत्ता निरर्थक अक्षरांचा, आणि काम होतं सर्व्हरवर फाइल लिहिण्याचं. त्या ओळीने लिहिलेली फाइल मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये सापडली. जेमतेम तीन ओळींची. ठरावीक मजकूर पाठवला की तो आज्ञा म्हणून चालवायचा, एवढंच तिचं काम. तारीख १६ ऑक्टोबर, माझ्या अपडेटच्या आधीची.

ती पुसून टाकायला हात शिवशिवत होते. पण एक फाइल सापडली म्हणजे एकच आहे असं होत नाही. ज्याला प्रशासकाचे हक्क मिळाले, तो डेटाबेसमध्ये, टेम्प्लेटमध्ये, चित्रांच्या फोल्डरमध्ये कुठेही काहीही ठेवू शकतो. अशा साइटवर एकच उपाय विश्वासाचा असतो. १५ ऑक्टोबरच्या आधीची प्रत कोऱ्या जागेवर बसवायची, आधी ती दुरुस्त करायची आणि मगच लोकांसाठी उघडायची. होस्टिंगवाल्याकडे बॅकअप होते, पण फक्त मागच्या सात दिवसांचे. सगळे शिरकावानंतरचे.

३० ऑक्टोबर, सकाळी ९

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, दसऱ्याला तुम्ही पूजेत काहीतरी ठेवलं होतं ना? ते अजून कपाटातच आहे.”

पेनड्राइव्हच्या टोपणाला कुंकू वाळून चिकटलं होतं. आतली प्रत शाबूत होती.

संध्याकाळपर्यंत साइट नव्या सर्व्हरवर उभी राहिली. सगळे पासवर्ड बदलले. ३ ऑक्टोबरनंतरच्या नोंदी कागदी रजिस्टरवरून बाई वाचत गेल्या आणि मी भरत गेलो. मग सगळ्या सभासदांना पत्र लिहिलं. तुमची माहिती परक्या हातात गेली असू शकते, हाच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथेही बदला. ते पत्र लिहिणं या सगळ्यात अवघड गेलं. लोकांनी फोन नंबर आणि पत्ते दिले होते ते वाचनालयावर विश्वास टाकून, आणि त्या रात्री त्यांची राखण एकट्या माझ्यावर होती.

आता साइटची जबाबदारी माझ्यासह दोघांकडे आहे. सुरक्षेची सूचना दोघांच्याही फोनवर येते, आणि जो आधी वाचेल तो उठून अपडेट करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी प्रत काढून बाईंच्या हातात दिली जाते. त्या तारीख लिहून ती रजिस्टरशेजारी, त्याच फळीवर ठेवतात.