कमाटीबागेशेजारची खोली

मागच्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नाला बेळगावहून माझ्या माहेरची आठ माणसं यायची होती. घर अपुरं. मुलीने सयाजीबागेजवळचा एक सुसज्ज फ्लॅट शोधला. गाद्या, गीझर, एसी, भांडीकुंडी सगळं तयार, गॅलरीतून बागेची झाडं दिसणार, भाडं दिवसावर. मी फोन केला. मालकीणबाईंनी विचारलं, "आडनाव?"

"पाटील."

"पाटील म्हणजे कोणते?"

"जैन."

"मग काही प्रश्नच नाही!"

खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

चार दिवसांनी मुलीच्या मैत्रिणीने त्याच मजल्यावरचा दुसरा फ्लॅट मागितला. तिचं आडनाव ऐकल्यावर तो 'भरलेला' निघाला. पाहुण्यांना पोचवायला गेले तेव्हा पाहिलं, फ्लॅट रिकामाच होता. मी काही बोलले नाही. लग्नघर आहे, आता कुठे वाद घालायचा, अशी मनाची समजूत घातली.

पण जागा होती कमाटीबागेशेजारची. आपण जुने बडोदेकर सयाजीबागेला अजून तेच म्हणतो. विश्वामित्रीकाठची ही बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ साली लोकांसाठी केली. १९०६ साली याच महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला.

करारानुसार संस्थानची नोकरी करायला तो १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आला. हिंदू खाणावळीत जात विचारणार, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिला. भाडं दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असं त्यांनी बजावलं. त्याने एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनीही घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास काढायला तो कमाटीबागेत येऊन बसला. हे सगळं बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

लहानपणी बडोद्याचा इतिहास म्हणजे महाराज, राजवाडा, काळा घोडा एवढंच आम्ही शिकलो. आता वाटतं, महाराजांनी त्या तरुणाला शिक्षण दिलं, नोकरी दिली, बसायला बाग होती. मिळाली नाही ती फक्त खोली. कारण खोली महाराजांच्या हातात नव्हती, ती आपल्यासारख्या घरांच्या हातात होती. त्या दोन मित्रांच्या घरची अडचण मला चांगली कळते. माझी अडचण लग्नघराची होती, एवढाच फरक.

लग्नानंतर पाहुण्यांना बागेतल्या संग्रहालयात नेलं. अकोट्याला सापडलेल्या आपल्या तीर्थंकरांच्या प्राचीन धातुमूर्ती तिथे आहेत. वहिनींनी हात जोडले. मला समवसरणाचं चित्र आठवलं. देव, माणसं, पशुपक्षी, सगळे भगवंतांसमोर आपापल्या जागी बसलेले. दारात कुणी आडनाव विचारत नाही. लहानपणी पाठशाळेत बाई ते किती कौतुकाने समजावून सांगायच्या!

यंदा पुतण्याच्या साखरपुड्याला पुन्हा पाहुणे आहेत. मालकीणबाईंचाच फोन आला, "पाटीलताई, फ्लॅट ठेवू ना?" मी म्हटलं, "गेल्या वेळी त्या मुलीला नाही म्हणालात, तेव्हा फ्लॅट रिकामा होता. मी पाहिला होता." पलीकडून काही उत्तर आलं नाही.

पाहुणे घरातच झोपतील. गाद्या मोजल्या, दोन कमी पडतात, त्या शेजारून येतील. दरवर्षी क्षमावाणीला मी नात्यागोत्यातल्या सगळ्यांची क्षमा मागते. त्या मुलीची मागायची मात्र अजून राहिली आहे.