लाइव्ह यायचं, पण कुठे?

२२ जून २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की 'मिक्सर' हा आपला गेम-स्ट्रीमिंगचा मंच महिन्याभरात बंद होणार. मिक्सरवर रोज तासन्‌तास खेळून दाखवणाऱ्या बहुतेकांना ही बातमी उरलेल्या जगाबरोबरच कळली. काहींना तर लाइव्ह असतानाच. २२ जुलैला मिक्सर बंद झाला. तिथे वर्षानुवर्षं खपून ज्यांनी प्रेक्षक जमवले होते, त्यांच्या हाती फेसबुक गेमिंगकडे जाण्याचं एक आमंत्रण उरलं.

जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी याच मिक्सरने जगातल्या सर्वांत गाजलेल्या स्ट्रीमरला आपल्याकडे आणलं होतं. टायलर ब्लेव्हिन्स, म्हणजेच 'निंजा'. मार्च २०१८ मध्ये तो रॅपर ड्रेकसोबत 'फोर्टनाइट' खेळला, तेव्हा 'ट्विच' या प्रतिस्पर्धी मंचावर एकाच वेळी सहा लाखांहून जास्त लोक बघत होते. १ ऑगस्ट २०१९ रोजी त्याने ट्विच सोडून मिक्सर गाठलं आणि ऑक्टोबरमध्ये 'श्राउड' हा दुसरा मोठा स्ट्रीमरही तिकडे गेला. ट्विचवर निंजाचे १ कोटी ४० लाखांहून जास्त फॉलोअर होते. ते त्याच्यासोबत आले नाहीत, कारण फॉलोअरची यादी स्ट्रीमरच्या मालकीची नसतेच. शिवाय त्याने सोडलेल्या पानावर ट्विचने इतरांची चॅनेलं दाखवायला सुरुवात केली आणि एके दिवशी तिथे अश्लील प्रसारण झळकलं. लहान मुलं ज्याचे चाहते, त्याच्या नावाच्या पानावर! ट्विचचे तेव्हाचे प्रमुख एमेट शियर यांना जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये निंजा पुन्हा ट्विचवर परतला.

गेम खेळून दाखवण्याचा व्यवसाय करू पाहणारा प्रत्येक जण आज पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणता प्लॅटफॉर्म निवडू? उत्तरं मिळतात ती बहुधा पैशांच्या वाट्याची, चित्राच्या दर्जाची, चॅटच्या सोयींची. पण या व्यवसायाला आता दीड तपाचा इतिहास आहे आणि तो वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. हा मंच उद्या उठला, तर हातात काय राहील? या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी आधी शोधलं, ते तगले.

सुरुवात झाली ती गेमपासून नव्हे. १९ मार्च २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान यांनी टोपीला कॅमेरा लावला आणि आपलं आयुष्य चोवीस तास इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. सोबतीला एमेट शियर, मायकेल सायबेल आणि काइल व्होग्ट होते. बघणाऱ्यांनी खोड्या काढल्या. खोटी खबर देऊन त्यांच्या घरी पोलीसही पाठवले. त्याच वर्षी 'जस्टिन डॉट टीव्ही' हा त्यांचा मंच सर्वांसाठी खुला झाला, म्हणजे कोणीही तिथे आपलं चॅनेल काढू शकत होतं. लोकांनी काढलीही, पण पुष्कळ चॅनेलांवर चोरून दाखवलेले क्रीडासामने असायचे. जानेवारी २०११ मध्ये 'यूएफसी' या झुंजींच्या स्पर्धांच्या मालक कंपनीने या चोरट्या प्रसारणांवरून जस्टिन डॉट टीव्हीला कोर्टात खेचलं. या सगळ्या गोंधळात एक कोपरा मात्र शांतपणे वाढत होता. २०१० च्या जुलैत 'स्टारक्राफ्ट २' बाजारात आला होता आणि लोक तो खेळत होतेच, शिवाय इतरांना खेळताना बघतही होते. स्वतः शियर त्या प्रेक्षकांतले एक. ६ जून २०११ रोजी हा कोपरा 'ट्विच' या नावाने वेगळा काढण्यात आला.

पुढची झेप थक्क करणारी होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'ट्विच प्लेज पोकेमॉन' नावाचा प्रयोग झाला: हजारो माणसं चॅटमध्ये आज्ञा टाइप करतात आणि सगळे मिळून एकच खेळ खेळतात. सोळा दिवसांत त्यांनी तो संपवला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सर्वाधिक रहदारीच्या वेळी इंटरनेटवर ट्विचचा क्रमांक चौथा होता. पुढे फक्त नेटफ्लिक्स, गूगल आणि ॲपल. गूगल ट्विच विकत घेणार अशा बातम्या फिरल्या, पण २५ ऑगस्ट २०१४ रोजी सौदा जाहीर केला तो ॲमेझॉनने, ९७ कोटी डॉलरचा. मूळचा जस्टिन डॉट टीव्ही त्याच महिन्यात, ५ ऑगस्टला, कायमचा बंद झाला होता.

ट्विचचा हा विजय सांगताना व्हिएन्नाच्या 'ओन्ड डॉट टीव्ही'चा विसर पडतो. एके काळी युरोपातले नामांकित खेळाडू तिथे लाइव्ह असत. ३१ जानेवारी २०१३ रोजी तो मंच बंद झाला, तोवर पैसे थकल्याच्या तक्रारी जाहीर झाल्या होत्या. जाहिरातीचे पैसे मंचाकडे जमा होतात आणि खेळाडूला नंतर मिळतात. मंच बुडाला तर आधी बुडतो तो खेळाडूचा मेहनताना. आज पैशांच्या वाट्यावर वाद घालताना ही जुनी गोष्ट कुणीतरी नव्या मुलांना सांगायला हवी.

तिकडे दक्षिण कोरियात हा सगळा खेळ अमेरिकेच्याही आधी सुरू झाला होता. 'आफ्रिकाटीव्ही' २००६ पासून चालू होतं. तिथले प्रेक्षक पैसे देऊन 'तारा-फुगे' विकत घेत आणि आवडत्या सादरकर्त्याला भेट देत. ट्विचने अशी सोय 'बिट्स' या नावाने आणली ती २०१६ मध्ये आणि यूट्यूबचं 'सुपर चॅट' आलं २०१७ मध्ये. कोरियातला सर्वांत मोठा ई-स्पोर्ट्स खेळाडू 'फेकर' फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिल्यांदा ट्विचवर आला, तेव्हा दोन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी बघत होते. ट्विचने कोरिया जिंकला असं तेव्हा वाटलं. सात वर्षांनी, २७ फेब्रुवारी २०२४ रोजी, ट्विचने त्या देशातला धंदाच गुंडाळला. तिथल्या इंटरनेट कंपन्यांचं शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे, असं ट्विचचे प्रमुख डॅन क्लॅन्सी यांनी सांगितलं. त्याआधी खर्च वाचवण्यासाठी चित्राचा दर्जा कमी करून झाला होता, जुनी रेकॉर्डिंग बंद करून झाली होती. कोरियन स्ट्रीमरांनी काहीही चूक केली नव्हती. त्यांच्या देशात व्हिडिओ पोहोचवणं महाग होतं, एवढंच. 'नेव्हर' या कोरियन कंपनीने 'चिजिजिक' नावाचा नवा मंच उघडला आणि अनेकांनी बाडबिस्तरा तिकडे हलवला.

खर्चाचा हाच मुद्दा भारतातली निवडही ठरवून गेला, पण वेगळ्या वाटेने.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि मोबाइल डेटा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. मार्च २०१८ मध्ये 'पब्जी मोबाइल' आला. महागडा कॉम्प्युटर नाही, गेमिंगचा कन्सोल नाही, हातात फक्त एक अँड्रॉइड फोन, अशा लाखो मुलांना अचानक खेळायला आणि बघायला एक मैदान मिळालं. या मुलांचे नायक ट्विचवर नव्हे, यूट्यूबवर घडले. मुंबईचा आदित्य सावंत, म्हणजे 'डायनॅमो', आणि त्याचं ते 'पट से हेडशॉट'. मुंबईचाच नमन माथुर, म्हणजे 'मॉर्टल'. कॉमेंट्री आणि विनोदाने घराघरांत पोहोचलेला 'मिथपॅट', म्हणजे मिथिलेश पाटणकर, हाही यूट्यूबचाच. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमरांना भेटायला बोलावलं, त्यात माथुर आणि पाटणकर दोघेही होते.

यूट्यूबच का, याला साधी कारणं आहेत. ॲप फोनमध्ये आधीपासूनच होतं. शोधलं की सापडत होतं. लाइव्ह संपलं की तोच व्हिडिओ चॅनेलवर राहत होता आणि शाळा-कॉलेज सुटल्यावर मुलं तो बघत होती. ट्विचवर मात्र जुनं प्रसारण काही दिवसांनी पुसलं जातं. ट्विचशी करार झालेल्या 'भागीदार' स्ट्रीमरांचंसुद्धा साठ दिवसांनी. शिवाय ट्विचच्या यादीत वर्षानुवर्षं जास्त प्रेक्षकवाला वर आणि दोन-चार प्रेक्षकवाला तळाशी अशी मांडणी राहिली. नवख्याने तिथे कोणाच्या नजरेस पडायचं कसं?

आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते. स्ट्रीमर पाठवतो ते चित्र सहसा एकाच दर्जाचं असतं. त्याच्या ७२०, ४८०, ३६० अशा हलक्या आवृत्त्या मंचाला स्वतःच्या खर्चाने तयार कराव्या लागतात. ट्विचने याची हमी अनेक वर्षं फक्त भागीदारांना दिली. बाकीच्यांना जागा शिल्लक असेल तर. यूट्यूबने ही सोय लहान चॅनेलांनाही दिली. एसटीत बसून, दोन काड्या नेटवर्कवर बघणाऱ्या मुलासाठी ३६० ची आवृत्ती नसणं म्हणजे ते चॅनेलच नसणं. भारतात यूट्यूब पुढे जाण्यामागे या तांत्रिक तपशिलाचाही वाटा असावा.

मग २ सप्टेंबर २०२० आला. केंद्र सरकारने ११८ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइलही गेला. एका गेमवर ज्यांचं सगळं अवलंबून होतं त्यांचे धाबे दणाणले. पण इथे मिक्सरच्या उलट चित्र दिसलं: गेम गेला, चॅनेल राहिलं. काही जण दुसऱ्या खेळांकडे वळले, काहींनी नुसत्या गप्पा मारल्या. जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' या नावाने तो खेळ परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद पडला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या सगळ्या धामधुमीत प्रेक्षकांना शोधत फिरावं लागलं नाही.

याच काळात देशी मंचही उभे राहिले. मुंबईच्या 'पॉकेट एसेस'मधून निघालेलं 'लोको' आधी लाइव्ह प्रश्नमंजूषेचं ॲप होतं, मग गेम-स्ट्रीमिंगकडे वळलं. २०२२ मध्ये त्याला ४ कोटी २० लाख डॉलरचं भांडवल मिळालं. 'रूटर' आधी क्रीडाप्रेमींसाठी होतं, तेही २०२० मध्ये याच वाटेला लागलं. या मंचांनी नामवंत स्ट्रीमरांशी करार केले. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. ठरलेली रक्कम ठरलेल्या रात्रीपुरती असते, पुढच्या जत्रेला फड मोकळा. स्ट्रीमिंगच्या करारात ही मोकळीक शोधावी लागते. दोन वर्षं दुसरीकडे लाइव्ह यायचं नाही असं कलम असेल, तर मिळणाऱ्या रकमेत त्या दोन वर्षांत तुटणाऱ्या प्रेक्षकांची किंमतही मोजायला हवी. मोठ्या कंपनीच्या नावावर भिस्त ठेवावी, तर फेसबुकनेही आपलं गेमिंगचं स्वतंत्र ॲप एप्रिल २०२० मध्ये आणलं आणि २८ ऑक्टोबर २०२२ ला बंद केलं.

सध्या सर्वांत जास्त आमिष आहे ते 'किक' या मंचाचं. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्विचने दोन गोष्टी जाहीर केल्या: बड्या स्ट्रीमरांना मिळणारा सबस्क्रिप्शनचा ७० टक्के वाटा वर्षाला एक लाख डॉलरनंतर ५० टक्क्यांवर येईल, आणि 'स्टेक'सारख्या जुगाराच्या साइट्सचं प्रसारण बंद होईल. लगेच डिसेंबरमध्ये किक अवतरला. त्यामागे स्टेकचेच संस्थापक आहेत आणि सबस्क्रिप्शनचा ९५ टक्के वाटा स्ट्रीमरला देऊ असं तो सांगतो. जून २०२३ मध्ये 'एक्सक्यूसी' या कॅनेडियन स्ट्रीमरशी त्याने दोन वर्षांसाठी सात कोटी डॉलरचा आणि काही अटी पूर्ण झाल्यास दहा कोटींपर्यंत जाणारा करार केल्याचं वृत्त आलं. पैसा कुठून येतो हे इथे बघावंच लागतं. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. इथल्या स्ट्रीमरने ९५ टक्क्यांच्या आकड्यापुढे हा कायदाही ठेवून बघावा.

एक बदल मात्र मनापासून स्वागत करावा असा आहे. ट्विच आपल्या भागीदारांना एकाच वेळी दुसऱ्या मंचावर लाइव्ह येऊ देत नसे. २० ऑक्टोबर २०२३ पासून ही मनाई सगळ्यांसाठी उठली. मुख्य अट अशी, की ट्विचवरच्या प्रेक्षकाला दुय्यम दर्जाचं काही मिळता कामा नये. म्हणजे एकच मंच निवडण्याची सक्ती आता बहुतांशी उरलेली नाही. मराठीत खेळून दाखवणाऱ्या नव्या मुला-मुलींनी यूट्यूबवर घर करावं, कारण प्रेक्षक तिथे आहेत आणि काम साठून राहतं. ट्विच, लोको किंवा आणखी कुठे सोबतीने दिसावं. आणि दुसरीकडे लाइव्ह येण्यास मज्जाव करणाऱ्या करारावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. एप्रिल २०२५ पासून ट्विचने हायलाइट्स आणि अपलोड केलेल्या व्हिडिओंना मिळून शंभर तासांची मर्यादा घातली आहे. तेव्हा कॉम्प्युटरवरून लाइव्ह येणाऱ्यांनी आणखी एक करावं: 'ओबीएस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रीमिंग सुरू करण्याच्या बटणाजवळच रेकॉर्डिंगचं बटण असतं, दरवेळी तेही दाबावं आणि ती फाइल आपल्याच हार्ड डिस्कवर जपून ठेवावी.