एकच रक्त, अकरा उत्तरे

रक्त तपासणाऱ्या माणसांचीही परिषद भरते, असे मी प्रथम ऐकले तेव्हा मला हसूच आले होते. परिषदा भरवाव्यात साहित्यिकांनी, डॉक्टरांनी, फार तर शिक्षकांनी. आमचे काम म्हणजे नळ्या धुणे, पिपेट तोंडाने ओढणे आणि दुपारी चिठ्ठ्यांवर आकडे लिहिणे. त्यात चार माणसांनी जमून बोलण्यासारखे काय असणार? तरी १९७८ च्या पावसाळ्यात, तालुक्याच्या ज्या रुग्णालयात मी नोकरीस होतो तेथून, मला तीन दिवसांसाठी पाठविण्यात आले. प्रवासभत्ता मिळत होता, म्हणून मी गेलो.

पहिल्या दिवशी भाषणे झाली. ती मी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बुटक्याशा गृहस्थांनी आम्हा अकरा जणांपुढे एकाच बाटलीतले रक्त ठेवले आणि म्हणाले, "हिमोग्लोबिन काढा. शेजाऱ्याकडे पाहू नका." साहलीची रीत आम्हाला झोपेतही येत होती. नळीत थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात वीस घन मिलिमीटर रक्त सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि मग थेंबाथेंबाने पाणी घालून रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवायचा. फळ्यावर अकरा आकडे लिहिले गेले. सर्वांत मोठा १२.४, सर्वांत लहान ८.६. लहान आकडा माझा.

गृहस्थ रागावले नाहीत. "किती वेळ थांबलात?"

"दहा मिनिटे, साहेब."

"घड्याळ पाहिलंत?"

पाहिले नव्हते. खरे म्हणजे गेली सहा वर्षे पाहिले नव्हते. बाहेर रांग असे, आणि तीन-चार मिनिटे म्हणजेच दहा, असे हाताला वळण पडले होते. तेवढ्या वेळात रंग पुरता चढत नाही, जुळवायला पाणी कमी लागते आणि आकडा खाली येतो. मग इतकी वर्षे बोभाटा कसा झाला नाही? तेही त्यांनीच उलगडले. आमच्याकडची जुनी काच विटून फिकी झाली होती, आणि फिकी काच आकडा वर चढविते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. त्या वर्षी चैत्रात नवी काच आली आणि तेव्हापासून गावातल्या बायका एकाएकी पांढऱ्या पडू लागल्या, अर्थात् माझ्या चिठ्ठीवर. त्यांतल्या एका बाळंतिणीसाठी तिचा भाऊ, हातावर पोट असलेला माणूस, जिल्ह्याच्या गावी जाऊन रक्त देऊन आला होता. फळ्यापुढे उभा असताना मला तोच दिसत होता.

माझा चेहरा पाहून असेल, रात्री जेवणानंतर त्या गृहस्थांनी मला बेल्क आणि संडरमन यांची हकीकत सांगितली. पुढे मी ती वाचून ताडून पाहिली. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास विल्यम बेल्क आणि एफ. विल्यम संडरमन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियाकडच्या एकोणसाठ रुग्णालयीन प्रयोगशाळांना सारखेच नमुने पाठविले. साखर, युरिया, प्रथिने, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, सगळी रोजचीच कामे. उत्तरे इतकी पांगली की असमाधानकारक उत्तरांची संख्या समाधानकारक उत्तरांहून अधिक भरली. १९४७ साली त्यांनी हे छापून टाकले. नमुने पाठविणे सोपे आहे. आपल्याच धंद्यातली ही अब्रू स्वतः वेशीवर टांगणे याला निराळे धैर्य लागते, असे मला वाटते.

संडरमन हा माणूस मोठा नादिष्ट. जन्म १८९८ चा, मृत्यू २००३ चा, आणि म्हातारपणीही व्हायोलिन सुटले नाही. १९४९ पासून त्यांनी प्रयोगशाळांकडे नियमित नमुने पाठविण्याची व्यवस्था चालविली. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ हिमोग्लोबिनच्या मोजणीवर एक सबंध परिसंवाद प्रसिद्ध केला. ज्या गोष्टीत बोलण्यासारखे काही नाही असे मी समजत होतो, तिच्यावर! त्याच वर्षी इंग्लंडात वूटन आणि किंग यांनी दाखवून दिले की, एका रुग्णालयाचे 'प्राकृत' आकडे दुसऱ्या रुग्णालयाशी जुळत नाहीत. साहेबाच्या देशातही तीच कथा.

रोजच्या चुकीला लगाम घालणारा आलेख मात्र वैद्यकातून आलाच नाही. तो आला टेलिफोनच्या कारखान्यातून. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी तो प्रथम आखला. मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा. ठिपका मर्यादेबाहेर गेला की काम थांबवून कारण शोधायचे. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो प्रयोगशाळेत आणला. ओळखीचा एकच टिकाऊ नमुना रोज तपासून त्याचा ठिपका मांडायचा, ही आज सर्वत्र चालणारी रीत १९५२ साली हेन्री आणि सेगलव्ह यांनी घालून दिली. पण आलेखाला नाव राहिले लेव्ही-जेनिंग्जचेच. असो. गंमत पुढेच आहे. हे शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आले होते. देशभर हिंडले, कारखानदारांच्या बैठका घेतल्या. म्हणजे मी जन्मण्यापूर्वीच तो आलेख या देशात येऊन पोहोचला होता, पण तो कारखान्यांच्या दारात. रुग्णालयाच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत यायला त्याला कितीतरी वर्षे लागली.

परत आल्यावर मी आमच्या डॉक्टरांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चैत्रापासूनची वही काढा." ज्या बायका सापडल्या त्यांना पुन्हा बोलावले, घड्याळ समोर ठेवून पुन्हा तपासले. सगळ्या सापडल्या नाहीत. त्या भावाला मात्र मी स्वतः गाठले. तो म्हणाला, "असू द्या भाऊ, बहीण बरी हाय न्हवं?" याहून त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी जिल्ह्याच्या गावी होतो, तेव्हा आमची प्रयोगशाळा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेत सामील झाली. दर महिन्याला वाळविलेल्या रक्तरसाचा नमुना तपासायचा. मोजून पाणी घालायचे, न हलविता विरघळू द्यायचे, तपासायचे आणि आकडा कळवायचा. प्रयोगशाळेला नाव नसते, सांकेतिक क्रमांक असतो. त्यामुळे लाज वाटली तरी ती खाजगीत वाटते. पहिल्या महिन्याचा नमुना मी तीनदा तपासला, मधला आकडा कळविला आणि उत्तम ठरलो. रोग्याचे रक्त मी एकदाच तपासत असे.

दुसऱ्या महिन्याचा नमुना मी विरघळवून साध्या नळीत ओतला, सकाळच्या नळ्यांत सत्ताविसावा म्हणून लावला आणि हाताखालच्या मुलीला काही बोललो नाही. साखरेचा आकडा चुकला. अहवाल आला तेव्हा ती रडवेली झाली. म्हणाली, "काका, आधी सांगायचं ना! मी नीट केलं असतं."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला त्या फळ्याची गोष्ट सांगितली.