साहेब सुरतेत, शिबंदी मुंबईत

तुमचा मॅनेजर दुसऱ्या शहरात, त्याचा मॅनेजर तिसऱ्याच देशात, आणि दोघांना तुमचं काम कळतं ते रिपोर्टमधून. ओळखीचं वाटतंय? मग १६८३ सालच्या मुंबईत चला.

मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, पण कंपनीचा इथला मोठा साहेब जॉन चाइल्ड सुरतेच्या वखारीत बसायचा आणि संचालक लंडनला. आफ्रिकेला वळसा घालून पत्र यायला सहा महिने सहज लागत, उत्तर जायला पुन्हा तेवढेच. लंडनच्या टेबलावरची मुंबई म्हणजे हिशेबाची वही, आणि वहीत शिबंदी म्हणजे नुसता खर्च. तो कापायचा हुकूम आला. सैनिकांचे पगार-भत्ते कमी झाले. त्यांचा कप्तान रिचर्ड केग्विन याचेही.

इथे मात्र खांदेरीवर मराठे होते आणि सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात मुक्काम ठोकायचं. १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात केग्विन स्वतः मराठ्यांशी लढला होता. त्या लढाईचा रकाना वहीत कुठला असणार?

२७ डिसेंबरला केग्विनने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद केलं. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याने स्वतःचं राज्य नाही जाहीर केलं. कारभार राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने चालवला आणि गाऱ्हाणं थेट राजाला लिहून पाठवलं. आजच्या भाषेत, साहेबाला वळसा घालून त्याच्या वरच्याला मेल! चाइल्ड सुरतेहून धावत आला, पण बोलणी फिसकटली. जवळजवळ वर्षभर मुंबई केग्विनकडेच राहिली. त्याने संभाजी महाराजांशी करारही केला.

पगारावरून बंड याआधी १६७४ मध्येही झालं होतं. तेव्हा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर मुंबईतच होता. त्याने काही मागण्या मान्य केल्या, एकाला मृत्युदंडही दिला, आणि प्रकरण तिथेच मिटलं. ऑन्जियर काही संत नव्हता, पण समोर उभ्या माणसांशी त्याला त्याच दिवशी बोलता आलं. एवढ्या एका फरकावर सगळं ढकलता येणार नाही, हे मान्य. पण तो लहानही नाही.

नोव्हेंबर १६८४ मध्ये टॉमस ग्रँथम आल्यावर केग्विनने माफीच्या अटीवर मुंबई सोडली. १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणंच सुरतेहून मुंबईला हलवलं.